यादीतली पाचवी ओळ

प्रश्न : मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. समुद्रातल्या तेलक्षेत्रांवर ३४ वर्षे काम केलेल्या एका निवृत्त इंजिनिअरांचे व्याख्यान आमच्याकडे झाले. शेवटी त्यांनी आपल्या कारकिर्दीतले आठ ठळक टप्पे पडद्यावर दाखवले. ती यादी सोबत पाठवते आहे. मला भावलेल्या तीन ओळींपुढे चांदण्या काढल्या आहेत : हेलिकॉप्टरने प्लॅटफॉर्मवर पहिली फेरी, अवाढव्य डेक फ्लोट-ओव्हरने बसवला तो दिवस, आणि प्रोजेक्ट मॅनेजर असताना विहिरीतून आलेले पहिले तेल. पस्तिशीच्या आत तिथवर पोचायचे तर काय करावे लागेल? आई म्हणते, मुलीच्या जातीने समुद्रावर कशाला जायचे. बाबा म्हणतात, तेलाचे दिवस आता संपत आले.

उत्तर : तुझे पत्र वाचले आणि यादीही. चांदण्या छान आहेत, पण माझी नजर अडली ती पाचव्या ओळीवर : ‘सेफ्टी केस, दोन वर्षे.’ तिच्यापुढे तू पेन्सिलीने लिहिले आहेस, ‘हे यादीत कशाला?’ तुझ्या पत्रातला सगळ्यात चांगला प्रश्न मला तो वाटला.

हेलिकॉप्टरची चांदणी आधी निकालात काढू. ती सगळ्यांनाच मिळते. मात्र त्याआधी तलावात बुडवलेल्या, उलट्या झालेल्या हेलिकॉप्टरच्या सांगाड्यातून पट्टा सोडून बाहेर पडायचे प्रशिक्षण घ्यावे लागते. प्लॅटफॉर्मवर बारा तासांची शिफ्ट, बऱ्याच ठिकाणी दोन किंवा चार आठवडे काम आणि मग तितकीच सुट्टी. शिवाय डिझाइनकडे गेलीस तर वर्षाचे बहुतेक दिवस ऑफिसातच जातील. हे ऐकून तुझा चेहरा पडला असेल तर आत्ताच पडलेला बरा.

फ्लोट-ओव्हरचे तसे नाही. तो खरोखरच बघण्यासारखा प्रकार आहे. डेक म्हणजे प्लॅटफॉर्मचा वरचा मजला. तो बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या मोठ्या तराफ्यावर, लादून आणतात, बार्ज समुद्रात उभ्या असलेल्या जॅकेटच्या (तळावर रोवलेल्या पोलादी सांगाड्याच्या) पायांमधून आत घेतात आणि टाक्यांत पाणी भरत ती हळूहळू खाली बसवतात. हजारो टनांचा भार बार्जवरून जॅकेटच्या पायांवर उतरतो. लाटेने बार्ज हलली की पायांवर हिसका बसतो, म्हणून तो झेलणारे रबराचे गादीसारखे भाग मध्ये असतात. हे सगळे व्हायला काही तास लागतात, पण लाटा शांत असलेले ते काही तास हाती येण्याआधी दोन-तीन वर्षांची आकडेमोड झालेली असते. बार्ज किती डुलेल, कुठली टाकी किती वेगाने भरायची, मधेच पंप बंद पडला तर काय करायचे. व्याख्यान देणाऱ्या तुझ्या सरांनी एक दिवस सांगितला. त्याच्या मागची वर्षे एका ओळीत मावली नाहीत, म्हणून तुला ती दिसली नाहीत.

आता पाचवी ओळ. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या प्लॅटफॉर्मवर १६७ माणसे गेली. पेट घेणारे द्रव इंधन ढकलणाऱ्या दोन पंपांपैकी एकाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता आणि उघड्या तोंडावर नुसती झाकणाची चकती बसवली होती. रात्री दुसरा पंप बंद पडला आणि काही केल्या सुरू होईना. म्हणून रात्रपाळीने पहिला पंप चालू करायला घेतला. त्या पंपाच्या देखभालीचे परमिट त्यांना ठाऊक होते. ते काम अजून सुरूच झालेले नव्हते. व्हॉल्व्ह काढल्याचे परमिट मात्र वेगळे होते आणि त्याची खबर त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. चकतीतून गळती झाली आणि स्फोट झाला. आग विझवणारे पंपही तेव्हा आपोआप सुरू होणाऱ्या व्यवस्थेवर नव्हते. पाण्यात उतरणारे पाणबुडे पंपांच्या ओढीत सापडू नयेत म्हणून ते हाताने चालवायच्या स्थितीत ठेवले होते.

लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालात (१९९०) १०६ शिफारशी होत्या. त्यांचा गाभा हा, की नियमांच्या यादीवर खुणा केल्या म्हणजे झाले असे नाही. प्लॅटफॉर्म चालवणाऱ्यानेच लेखी दाखवून द्यायचे, की माझ्या इथे काय काय बिघडू शकते आणि ते बिघडले तरी माणसे कशी वाचतील. सेफ्टी केस म्हणजे हे. ते लिहिणाऱ्याला प्लॅटफॉर्मचा प्रत्येक पाइप, भिंत आणि संकटात बाहेर पडायची वाट माहीत असावी लागते. खालच्या फिटरशी बोलावे लागते, वरच्या मॅनेजरशी वाद घालावा लागतो. दोन वर्षे त्यात घालवलेला माणूस पुढे मोठा प्रकल्प सांभाळू शकतो यात मला नवल वाटत नाही. सरांच्या यादीत प्रोजेक्ट मॅनेजरची ओळ पाचवीच्या लगेच खाली आहे, बघ.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती मला फार आवडते. नॉर्वेच्या एकोफिस्क तेलक्षेत्रात १९८४ मध्ये लक्षात आले, की समुद्रातल्या टाकीभोवतीच्या लाटरोधक भिंतीतल्या भोकांच्या ओळी जुन्या फोटोंत दिसतात त्यापेक्षा कमी दिसत आहेत. पाणी वाढलेले नव्हते. समुद्राचा तळच खचत होता. तेल-वायू काढल्याने खालच्या चुनखडकातला दाब कमी झाला होता आणि तो दबत चालला होता. १९८७ मध्ये तिथले प्लॅटफॉर्म पायांशी कापून, जॅक लावून सहा मीटर उचलले. फोटो असल्या उचलण्याचेच निघतात. मला विचारशील तर कारकिर्दीचा टप्पा त्या भोकांच्या ओळी मोजण्यात होता.

तेव्हा पस्तिशीत प्रोजेक्ट मॅनेजर कसे व्हायचे याचा तक्ता मी देणार नाही. तिसऱ्या वर्षाला आहेस, तर स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स आणि फ्लुइड मेकॅनिक्स पक्के कर, आणि फटिगचा, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण बसून धातू थकण्याचा, धडा परीक्षेपुरता वाचू नकोस. १९८० साली अलेक्झांडर कीलँड हा तरंगता प्लॅटफॉर्म उलटून १२३ जण गेले. त्याची सुरुवात एका आडव्या नळीवर बसवलेल्या छोट्या उपकरणाच्या आधाराच्या वेल्डमधून झाली. तिथली चीर लाटांच्या धक्क्यांनी वाढत गेली, नळी तुटली आणि मग एक अख्खा पाय निखळला. पुढे शिकायचे असेल तर ऑफशोअर स्ट्रक्चर्स (समुद्रातली बांधकामे) किंवा सबसी इंजिनिअरिंग (समुद्रतळावरची यंत्रणा) मेकॅनिकलवाल्यांना जमते.

बाबांचे म्हणणे उडवून लावू नकोस. सरांच्या यादीत १९८६ ते १९८८ कोरे आहेत आणि २०१५ नंतरची दोन वर्षेही. १९८६ मध्ये तेलाचे भाव निम्म्याहून खाली आले. २०१४ च्या मध्याला बॅरलला शंभर डॉलरच्या वर असलेला भाव २०१६ च्या जानेवारीत तिशीच्या खाली गेला. अशा वेळी प्रकल्प थांबतात आणि माणसे कमी होतात. त्या वर्षांत सरांनी काय केले मला माहीत नाही, पण या धंद्यात येणाऱ्याने तेवढ्या काळाची शिल्लक बाजूला ठेवायची असते. दिलासा एवढाच, की जॅकेट, वेल्ड, गंज आणि लाटा ही विद्या तेलापुरती नाही. डेन्मार्कजवळ समुद्रातल्या पवनचक्क्या १९९१ पासून उभ्या राहू लागल्या. स्कॉटलंडजवळ २०१७ मध्ये सुरू झालेल्या तरंगत्या पवनचक्क्या तर एका तेल कंपनीनेच उभारल्या.

आईशी वाद घालू नकोस, तिला माहिती दे. स्त्रिया प्लॅटफॉर्मवर काम करतात, पण आजही कमीच आहेत. पहिल्या दिवशी तू एकटी असशील अशी तयारी ठेव. मुलाखतीला गेलीस की राहायची खोली, बाथरूम, तक्रार कोणाकडे करायची आणि आजारी पडले तर हेलिकॉप्टर किती वेळात येते, हे न लाजता विचार. उत्तर देताना समोरचे चुळबुळले तर ती नोकरी घेऊ नकोस.

आणि सरांना पुन्हा एक पत्र लिही. डेक बसला तेव्हा कसे वाटले, हे त्यांना सगळेच विचारतात. तू पाचव्या ओळीबद्दल विचार, आणि त्या कोऱ्या वर्षांबद्दलही. काय उत्तर आले ते मला कळव.