डॉर्टमुंडच्या स्टेडियमवर वडिलांना नेताना: जागा, तिकीट आणि सामन्याचा दिवस

तुमचा प्रश्न वाचून खरंच आनंद झाला. तुम्ही आखेनला शिकताय, ऑक्टोबरात वडील कोल्हापूरहून येतायत, त्यांनी तरुणपणापासून शाहू स्टेडियमवर तालमींचे फुटबॉल सामने बघितलेत आणि आता त्यांना बोरुसिया डॉर्टमुंड या जर्मन फुटबॉल क्लबची ‘पिवळी भिंत’ बघायचीय. तिकीट कसं मिळवायचं आणि त्या भिंतीतच उभं राहावं का, असं विचारलंय. मी बरीच वर्षं याच भागात राहते आणि जमेल तेव्हा सामन्याला जाते. माझं ठाम मत आहे: भिंतीत उभे राहू नका. भिंत पूर्ण दिसेल अशी जागा घ्या.

भिंत म्हणजे दक्षिणेकडचा स्टँड. सुमारे १०० मीटर रुंद, वर जाताना ३७ अंशांचा चढ, आणि त्यावर जवळजवळ २५ हजार माणसं उभी. आत शिरलात की पुढच्याची पाठ, फडकणारे झेंडे आणि मधूनमधून मैदानाचा एखादा तुकडा एवढंच दिसतं. चांगली जागा धरायची तर खूप आधी पोचावं लागतं, म्हणजे तीन-साडेतीन तास सलग उभं राहणं आलं. गोल झाला की माणसं दोन-तीन पायऱ्या खाली घसरतात, बिअरचे पेले हवेत उडतात. पंचविशीत मित्रांबरोबर हे जरूर करा. पण वडील एवढ्या लांबून जे बघायला येतायत, ते त्यांना आतून दिसणारच नाही. शिवाय या स्टँडची बहुतेक तिकिटं हंगामभराच्या पासवाल्यांकडे असतात. ते पास वर्षानुवर्षं सुटत नाहीत.

म्हणून पूर्व किंवा पश्चिम बाजूच्या खुर्च्या बघा, शक्यतो मध्यरेषेपासून उत्तरेकडच्या आणि थोड्या उंचावरच्या. तिथून खेळाची मांडणी नीट कळते आणि मान जरा वळवली की अख्खी भिंत डोळ्यांसमोर. उत्तरेच्या स्टँडवरून ती अगदी समोर येते, पण मध्ये मैदानाची सगळी लांबी राहते. पाहुण्या संघाचे लोक ईशान्य कोपऱ्यात असतात. तेही पूर्ण वेळ गात असतात, त्यामुळे आवाज दोन्हीकडून ऐकायचा असेल तर तो भाग वाईट नाही.

तिकिटाचं म्हणाल तर क्लबच्या स्वतःच्या संकेतस्थळाशिवाय कुठेही पैसे भरू नका. आधी सभासदांना विक्री होते, उरली तर सगळ्यांना, आणि बायर्न म्युनिकसारख्या बड्या संघाविरुद्धच्या सामन्यांची उरतच नाहीत. तुम्ही जर्मनीत राहताच, तर सभासद व्हा. नाहीतर क्लबच्याच पुनर्विक्रीच्या पानावर लक्ष ठेवा. ज्या पासधारकांना एखाद्या सामन्याला येता येत नाही ते तिथे आपली जागा विकतात, आणि सामन्याच्या आठवड्यात रोज दोन-चारदा पाहिलं तर जागा हाताला लागतात. दोन शेजारच्या मिळणं जरा अवघड. तालिकेत खाली असलेल्या संघाविरुद्धचा सामना निवडा, गर्दी तेवढीच असते, भिंतही तीच. बाहेरच्या पानांवर तिप्पट-चौपट भावाने मिळणारं तिकीट क्लब रद्द करू शकतो, आणि मग वडिलांना घेऊन दारातून परत फिरावं लागेल.

तारखेची एक गोष्ट भारतातून येणाऱ्यांना हमखास अडचणीत आणते. हंगामाच्या सुरुवातीला फक्त आठवडाअखेर ठरलेली असते. सामना शुक्रवारी, शनिवारी की रविवारी आणि किती वाजता, हे नंतर टप्प्याटप्प्याने जाहीर होतं. ऑक्टोबरात राष्ट्रीय संघांच्या सामन्यांसाठी जर्मन लीग मध्येच थांबते, तो काळही आधी बघून घ्या. मग मागेपुढे थोडी मोकळीक ठेवून वडिलांचे दिवस ठरवा. शनिवार दुपारी साडेतीनचा सामना मिळाला तर सर्वात उत्तम, आखेनहून आरई १ या प्रादेशिक गाडीने सकाळी निघून रात्री परत जाता येतं. साडेसहाचा असेल तर डॉर्टमुंडलाच मुक्काम करा. सामन्यानंतरच्या गाड्यांत उभं राहायलाही जागा नसते, आणि त्या वेळेवर धावतील यावर विसंबू नका.

आता प्रत्यक्ष दिवस. मुख्य स्टेशनवरून यू ४५ ही ट्राम थेट जाते, पण परतीला तिची रांग फार लांबते. चालणं जमत असेल तर येताना शहरातून क्रॉइत्सफिर्टेलमार्गे चालतच या, पाऊण तास लागेल. त्या वाटेवर पिवळे-काळे स्कार्फ वाढत जातात, कोपऱ्याकोपऱ्यावर लोक बाटल्या घेऊन गप्पा मारत उभे असतात, आणि मग झाडांच्या वर स्टेडियमचे पिवळे खांब दिसतात. निळा शर्ट किंवा जॅकेट मात्र घालू नका. निळा रंग शेजारच्या गेल्झेनकिर्शनच्या शाल्केचा. कोल्हापूरच्या माणसाला ही ईर्षा समजावून सांगायची गरज नाही. ए-४ कागदाहून मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत, तेव्हा एक छोटी पिशवी पुरे. वडिलांना ऊबदार जॅकेट द्या, ऑक्टोबरची संध्याकाळ छताखालीसुद्धा गार असते. ते शाकाहारी असतील तर आत पोमेस (बटाट्याचे तळलेले काप) आणि ब्रेत्सेल (पीळ दिलेला खारा पाव) मिळतात. पेल्याची अनामत परत मिळते, पेला टाकून देऊ नका.

दोन तास आधी दारं उघडतात. निदान तासभर आधी जागेवर बसा, हे मी सगळ्यात कळकळीने सांगतेय. भिंत रिकामीपासून पिवळी होताना बघायची असते. लिव्हरपूल क्लबमुळे जगाला ठाऊक झालेलं ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’ हे गाणं इथेही सामन्याआधी गातात, सगळे स्कार्फ डोक्यावर ताणून. मग स्टेडियमचा निवेदक नॉर्बर्ट डिकल खेळाडूंची पहिली नावं पुकारतो आणि आडनावं अख्खं स्टेडियम ओरडतं. हा डिकल १९८९ च्या जर्मन चषकाच्या अंतिम सामन्यात ब्रेमेनविरुद्ध दोन गोल करणारा माणूस. वडिलांना हे आधी सांगून ठेवा, त्यांना तो आवाज वेगळाच ऐकू येईल.

आणखी एक सांगा. उभं राहायच्या या जागा आपोआप टिकलेल्या नाहीत. १९८९ मध्ये इंग्लंडच्या हिल्सबरो स्टेडियमवर झालेल्या जीवघेण्या चेंगराचेंगरीनंतर इंग्लंडच्या वरच्या लीगमध्ये सगळीकडे खुर्च्या आल्या. युरोपीय स्पर्धांच्या रात्री इथेही खुर्च्या लावाव्या लागत, आणि ८१,३६५ ची क्षमता ६६ हजारांच्या आसपास यायची. देशांतर्गत लीगमध्ये मात्र जर्मन प्रेक्षकांनी उभं राहणं सोडलं नाही. हे जमलं, कारण क्लबचं नियंत्रण सभासदांकडे आहे. नियमानुसार पन्नास टक्क्यांहून एक मत जास्त मूळ संस्थेचंच राहतं. २०२३ च्या डिसेंबरात लीगने बाहेरच्या गुंतवणूकदाराला वाटा द्यायचं ठरवलं, तेव्हा देशभर प्रेक्षकांनी मैदानांवर टेनिसचे चेंडू फेकून सामने थांबवले आणि २०२४ च्या फेब्रुवारीत तो करार बारगळला. मला याचा मनापासून अभिमान वाटतो, मी इथली नसले तरी.

वेळ असेल तर दुसऱ्या दिवशी बोर्सिगप्लात्सला जा. स्टेशनच्या ईशान्येला, यू ४४ ने. १९०९ च्या डिसेंबरात तिथल्या एका खानावळीत काही तरुणांनी हा क्लब काढला. चर्चच्या युवक मंडळातल्या पाद्र्याला त्यांचं फुटबॉल खपत नव्हतं. आजूबाजूला होएशचा पोलाद कारखाना, शहराच्या पोटात कोळसा. डॉर्टमुंडची शेवटची खाण १९८७ मध्ये बंद झाली, पोलादही गेलं, क्लब राहिला, तोसुद्धा २००५ मध्ये दिवाळखोरीच्या काठावरून परतला. पेठेतल्या तालमीचा संघ म्हणजे काय, हे जाणणाऱ्या माणसाला तो चौक दाखवाच. पर्यटकांसाठी तिथे फारसं काही नाही. स्टेशनसमोरचं जर्मन फुटबॉल संग्रहालय चांगलं आहे, पण एकच करायचं असेल तर मी चौक निवडेन.

सामना संपल्यावर लगेच उठू नका. खेळाडू भिंतीसमोर जातात, जिंकले तर हात धरून उड्या मारतात, हरले तर बोलणीही खातात. तोवर ट्रामची पहिली झुंबड ओसरलेली असते. वडिलांना पायऱ्या कितपत जमतात ते कळवा. वरच्या मजल्याचा चढ बऱ्यापैकी उभा आहे, त्यावरून कुठला ब्लॉक शोधायचा ते नेमकं सांगता येईल.