तेलकट लाकडाच्या पेनावर चकाकी का टिकत नाही?

प्रश्न : काका, माझ्याकडे छोटा लेथ आहे. बाबांच्या साठीसाठी कोकोबोलोचं पेन केलं. सुपरग्लूचे थर देऊन छान काचेसारखी चकाकी आणली, पण महिनाभरात टोकापासून पापुद्रा सुटायला लागला. बाभळीच्या पेनाला असं झालं नव्हतं. मावसभाऊ नाताळात अमेरिकेहून येतोय, त्याच्याकडून आणखी तुकडे मागवू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : अगं, तुझ्या हाताला दोष देऊ नकोस, लाकूडच तसं आहे. कोकोबोलो हे मेक्सिकोपासून पनामापर्यंत होणारं, आपल्या शिसवीच्या गोतावळ्यातलं झाड. अंगात तेल इतकं, की पॉलिश पेपर बघता बघता बुजतो. त्या तेलामुळे सुपरग्लू लाकडाला धरत नाही, नुसता वर बसून राहतो. आणि सुटतो टोकापासूनच. बुशिंग, म्हणजे लेथवर तुकड्याच्या दोन्ही टोकांना बसवलेल्या धातूच्या कड्या, काढताना ‘कट्’ आवाज येतो ना, तिथे थर चिरतो आणि हाताचा घाम त्या चिरेतून आत जातो. म्हणून पेन उतरवण्याआधी बुशिंगच्या सांध्यावर धारदार छिन्नीचं टोक हलकेच फिरवून घे.

दुसरं, वरचं तेल पुसायला अ‍ॅसिटोन. शेवटचा पेपर झाला की लेथ बंद कर, खिडकी उघड आणि टिश्यूवर अ‍ॅसिटोन घेऊन लाकूड पूस. टिश्यू नारिंगी होईल, मग फिकट होत जाईल. अगदी पांढरा राहावा हा हट्ट नको. सुकल्याबरोबर पातळ सुपरग्लूचा पहिला हात दे. उद्यावर टाकलंस तर तेल पुन्हा वर येतं. पेनाच्या आतली पितळी नळी चिकटवण्याआधी तिचं भोकही आतून असंच पुसायचं, आणि तिथे सुपरग्लूऐवजी इपॉक्सी वापरायचं. ग्लू लावायला सुती चिंधी मात्र कधीच घेऊ नकोस. सुतावर सुपरग्लू पडला की ते भडकन तापतं, धूर येतो, बोट पोळतं.

मला विचारशील तर मी कोकोबोलोवर काच चढवतच नाही. मायक्रोमेश, म्हणजे अगदी बारीक घासायचं कापड, 12000 नंबरपर्यंत नेतो, कार्नोबा हे कडक मेण बफच्या फिरत्या कापडी चाकावर लावून घोटतो, बस्स. बोटांना लाकूड लागतं, हीच तर मजा. मेण वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा लावावं लागतं, तेवढं बाबांना सांगून ठेव. बाटलीतलं लाखेचं फ्रिक्शन पॉलिश दुकानात फार गळ्यात मारतात, पण रोजच्या पेनावर ते घामाने मंदावतं. कर्नाटकातल्या चन्नपट्टणला खेळणी करताना लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून घर्षणानेच वितळवतात आणि केतकीच्या पानाने घोटतात. तो जाड थर वेगळा, स्पिरिटमध्ये विरघळवलेला हा वेगळा.

आणि मास्क लाव गं! कोकोबोलोच्या भुशाने कातडीवर पुरळ उठतं, दम लागतो. एकदा अंगावर उठलं की पुढे थोड्याशा भुशानेही त्रास होतो.

मावसभावाला या भानगडीत पाडू नकोस. कोकोबोलो आणि शिसवी ज्यात येतात ती डाल्बर्जिया प्रजाती जवळजवळ सगळी 2 जानेवारी 2017 पासून सायटीस कराराच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. पुढे तयार वस्तूंना थोडी सूट मिळाली, पण कच्च्या तुकड्यांना ती नाही. कागदपत्रांशिवाय बॅगेत टाकून आणणं अंगाशी येईल.

त्यापेक्षा जुन्या बाजारात शिसवी पलंगाचा मोडका पाय शोध. पेनाला लागतो पाऊण इंच चौरस, पाच इंच लांब तुकडा. एका पायात असे कितीतरी निघतात, आणि लाकूड वर्षानुवर्षं वाळलेलं. रंगही बेभरवशाचा नाही. पर्पलहार्ट या परदेशी लाकडाचा जांभळा उन्हात तपकिरी होतो, पडाऊक लाकडाचा भगवाही तसाच. पाय चिरण्याआधी चुंबक फिरवून खिळे बघ. पितळी स्क्रू चुंबकाला लागत नाही, तो मात्र डोळ्यांनीच शोधावा लागेल.