मिनिकॉयला जाण्यापूर्वी

चि. विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. लक्षद्वीपला जायचे ठरवले आहेस हे वाचून फार आनंद झाला. सोबत पाठवलेला कार्यक्रम मात्र मी दोनदा वाचला आणि मग हे पत्र लिहायला बसलो. पाच दिवसांत तीन बेटे, रात्री जहाजावर मुक्काम आणि दिवसा कवरत्ती, कल्पेनी व मिनिकॉय येथे काही तासांसाठी उतरणे, असा तो बेत आहे. अशा सहलीत समुद्र पुष्कळ दिसतो, पण माणसे दिसत नाहीत, कारण बेटावरची माणसे आपापल्या कामातून मोकळी होऊन ओसरीवर येऊन बसतात तेव्हा पाहुणे जहाजाकडे परतायला निघालेले असतात. म्हणून माझे पहिले आणि सर्वांत आग्रहाचे सांगणे असे की, कवरत्ती आणि कल्पेनी या वेळी सोडून दे आणि एकट्या मिनिकॉयवर जितके दिवस राहता येईल तितके राहा.

मिनिकॉयच का, ते सांगतो. लक्षद्वीपच्या दहा वस्ती असलेल्या बेटांपैकी हे सर्वांत दक्षिणेकडचे आहे आणि कल्पेनीपासून सुमारे २०० किलोमीटर दूर, ‘नऊ अंश चॅनेल’ नावाच्या रुंद समुद्रपट्ट्याच्या पलीकडे, एकटेच उभे आहे. तिथून मालदीव जवळ आहे आणि बाकीचे लक्षद्वीप दूर. तिथले लोक आपल्या बेटाला मलिकू म्हणतात. इतर बेटांवर मल्याळमला जवळची बोली चालते, पण मिनिकॉयची महल भाषा ही मालदीवच्या धिवेहीची बोली आहे आणि ती थाना लिपीत उजवीकडून डावीकडे लिहिली जाते. तू लिप्यांचा अभ्यास करणार आहेस, म्हणून एवढे सांगून ठेवतो की या लिपीची पहिली नऊ अक्षरे अरबी अंकांवरून घडली आहेत. ज्या लिपीत अंकांचीच अक्षरे झाली, ती लिहिणाऱ्या माणसांच्या गावात चार तास उतरून परत येणे मला तरी पटत नाही.

परवान्याचे काम थोडक्यात सांगतो. बेटावरचा मूळ रहिवासी नसलेल्या प्रत्येक पर्यटकाला, मग तो भारतीय नागरिक का असेना, १९६७ च्या नियमांनुसार प्रवेशपरवाना लागतो. तो तिथल्या प्रशासनाच्या पर्यटन संस्थेमार्फत किंवा एखाद्या बेटवासीयाच्या हमीवर मिळतो आणि पोलिसांकडील चारित्र्य दाखल्याला वेळ लागतो, तेव्हा दोन-तीन महिने आधी सुरुवात कर. या अटीला कटकट समजू नकोस. साडेचार चौरस किलोमीटरांच्या आसपासची जमीन आणि २०११ च्या जनगणनेनुसार दहा हजारांहून थोडी अधिक वस्ती असलेल्या ठिकाणी कोण, किती आणि किती दिवसांसाठी येतो हे विचारण्याचा हक्क तिथल्या लोकांना असलाच पाहिजे. पावसाळ्यात मात्र जाऊ नकोस. मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तो समुद्र प्रवाशांसाठी नसतो.

कोचीहून जहाज सुटते आणि सुमारे ४०० किलोमीटरचे अंतर कापून साधारण दुसऱ्या दिवशी पोहोचते. ‘साधारण’ हा शब्द मी जाणूनबुजून लिहिला आहे. मी गेलो होतो तेव्हा परतीचे जहाज हवामानामुळे दोन दिवस उशिरा आले आणि पुण्यातल्या माझ्या एका कामाची तारीख चुकली. मी त्या दोन दिवसांत यजमानांसमोर बरीच चिडचिड केली, आणि आज ते आठवले की मला वाईट वाटते, कारण त्याच जहाजाने येणारा भाजीपालाही आला नव्हता. दुकानातले कांदे संपले होते, टोमॅटो आदल्याच दिवशी संपले होते, आणि तरीही त्या घरातून माझ्या ताटात दोन्ही वेळा आधीसारखेच वाढले जात होते. घरच्यांनी आपल्या ताटातून काय कमी केले ते मला शेवटच्या दिवशी कळले. तू परतीच्या प्रवासाला जोडून कोणतीही महत्त्वाची तारीख ठेवू नकोस, आणि जाताना यजमानांसाठी मिठाईऐवजी टिकणारी भाजी घेऊन जा. कांदे, बटाटे, आले, लसूण, लिंबे, असे जे कोकणातल्या एखाद्या दूरच्या वाडीला जाताना आपण नेतो तेच ने.

आता पाण्याविषयी जरा विस्ताराने लिहितो, कारण तिथल्या जगण्याचा सगळा तोल पाण्यावर आहे. प्रवाळ बेटावर नदी नसते, ओढा नसतो आणि डोंगरही नसतो. पावसाचे जे पाणी प्रवाळाच्या वाळूत मुरते, ते खालच्या खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे त्याच्यावर एखाद्या पातळ भिंगासारखे तरंगत राहते, आणि बेटावरच्या विहिरी या भिंगातलेच पाणी उपसतात. उपसा वाढला की भिंग पातळ होते, खालचे खारे पाणी वर चढते आणि एकदा मचूळ झालेली विहीर पुन्हा गोडी होण्यासाठी पुढच्या पावसाळ्यांची वाट पाहावी लागते. २०११ साली मिनिकॉयला समुद्राच्या पाण्यापासून गोडे पाणी करणारा प्रकल्प सुरू झाला. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने तो उभारला. खोल समुद्रातले थंड पाणी आणि पृष्ठभागावरचे कोमट पाणी यांच्या तापमानातील फरकावर तो चालतो आणि त्याची क्षमता दिवसाला एक लाख लिटरची आहे. हा आकडा मोठा वाटेल, पण दहा हजारांनी भागून पाहा: माणशी दहा लिटर. हे पाणी पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी आहे. आंघोळ, धुणे, भांडी अजून त्या भिंगावरच अवलंबून आहेत. आपण शहरात शॉवरखाली किती पाणी घालवतो याचा हिशेब तू इथेच करून जा, म्हणजे तिथे एका बादलीत आंघोळ करताना मनात कुरकुर उठणार नाही. शाम्पूच्या पुड्या आणि पाण्याच्या बाटल्या यांचे प्लास्टिक न विसरता परत आण, कारण तिथे ते पुरायचे म्हटले तरी त्याच वाळूत पुरावे लागते जिच्यातून पिण्याचे पाणी येते.

मासेमारी मात्र पाहिल्याशिवाय परतू नकोस. मिनिकॉयचे लोक कुपा, म्हणजे ट्यूना, गळाने एकेक करून पकडतात, आणि ही रीत समजून घ्यायला तुला दोन-तीन दिवस तरी लागतील. पहाटे नाव आधी लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळभिंतीच्या आतल्या उथळ पाण्यात, थांबते. तिथल्या प्रवाळांच्या आसऱ्याने राहणारी बोटाएवढी मासळी जाळ्याने धरून नावेच्या पोटातील पाण्याच्या कप्प्यात जिवंत ठेवली जाते. त्या कप्प्याला भोके असतात आणि त्यांतून समुद्राचे पाणी सतत आतबाहेर खेळत राहते. मग नाव प्रवाळभिंतीबाहेर जाते. पक्ष्यांचे थवे जिथे घिरट्या घालत असतील तिथे कुपाचा थवा असतो. तिथे ती जिवंत मासळी पाण्यात फेकतात, पृष्ठभागावर पाणी उडवतात, आणि खवळलेला कुपा वर आला की मागच्या बाजूला ओळीने उभी असलेली माणसे लांब काठ्यांनी एकामागून एक मासा खांद्यावरून नावेत फेकत जातात. गळाला उलटा काटा नसल्यामुळे मासा फळीवर आपटताच आपोआप सुटतो. यात नको असलेले मासे, कासवे किंवा डॉल्फिन सहसा मरत नाहीत. आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक जाळ्यांनी काय केले आहे हे तू रत्नागिरीला पाहिले आहेस, म्हणून या रीतीचे मोल तुला वेगळे सांगायला नको.

या सगळ्याचे मूळ मात्र त्या बोटाएवढ्या मासळीत आहे आणि तिचे मूळ जिवंत प्रवाळात. समुद्र तापला की प्रवाळ पांढरे पडतात. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ या वर्षांत लक्षद्वीपमध्ये हे मोठ्या प्रमाणावर घडले. प्रवाळ मेले की आमिषाची मासळी आटते आणि नाव किनाऱ्यालाच बांधून राहते. तेव्हा लगूनमध्ये उतरशील तिथे प्रवाळावर पाय ठेवू नकोस आणि मेलेला म्हणून त्याचा तुकडाही पिशवीत टाकू नकोस. तो कायद्यानेही गुन्हा आहे.

नावेवर घ्या असा हट्ट करू नकोस, तिथे प्रत्येक जागा कामाची असते. दुपारी नावा परततात तेव्हा किनाऱ्यावर उभी राहा आणि त्यानंतर घरांमागे काय चालते ते पाहा. मासे कापून खाऱ्या पाण्यात उकडतात, धुरावर ठेवतात आणि उन्हात वाळवतात, आणि शेवटी लाकडासारखा टणक ‘मास’ तयार होतो. आपल्या सोड्यांसारखा तोही महिनोन्‌महिने टिकतो. त्याचा कीस, खवलेला नारळ, कांदा आणि लिंबू यांचे कालवण एखाद्या घरी मिळाले तर नाही म्हणू नकोस. माडाची नीरा आटवून केलेला पाकही चाखून पाहा. आपल्या काकवीची आठवण येईल.

एका गोष्टीत तू माझ्यापेक्षा भाग्यवान आहेस. मिनिकॉयचा समाज मुस्लिम आहे आणि मातृवंशीयही आहे. तिथले पुरुष कित्येक पिढ्या व्यापारी जहाजांवर नोकरीला जात आले आहेत, त्यामुळे वर्षातले अनेक महिने घर आणि गाव बायकाच चालवतात. बेटावर दहा-अकरा गावे आहेत. प्रत्येक गावाचे स्वतःचे सामुदायिक घर असते, शर्यतीची स्वतःची लांब वल्हवायची नाव असते, पुरुषांचा एक प्रमुख असतो आणि बायकांची स्वतंत्र प्रमुख असते. पुरुष प्रमुखाला बोडुकाका म्हणतात. ‘बोडु’ म्हणजे मोठा, आणि ‘काका’ ऐकून तुला घरचेच वाटेल. बोडुकाकांशी मी तासन्‌तास बोललो, पण बायकांच्या बैठकीचे दार मला कधी उघडले नाही आणि ते योग्यच होते. तुला ते उघडेल. गेल्यावर पहिल्या दिवशी बायकांच्या प्रमुखांना भेट, आपण कोण, कशासाठी आलो आणि किती दिवस आहोत हे त्यांना सांग, आणि मग त्या सांगतील तिथेच जा. कॅमेरा पहिले दोन दिवस पिशवीतच असू दे, आणि नंतरही कोणाच्या घराचा, मुलाचा किंवा बाईचा फोटो विचारल्याशिवाय काढू नकोस. अंगभर सैल कपडे घाल, डोक्यावर घ्यायला ओढणी जवळ ठेव आणि पोहायचे झाल्यास पर्यटकांसाठी नेमलेल्या किनाऱ्यावरच पोह. त्या बायका काय बोलतात, कशावरून भांडतात, नवरा समुद्रावर असताना घरातला मोठा निर्णय कसा घेतात, हे माझ्या वहीत नाही. तुझ्या वहीत येऊ शकेल.

दीपगृह १८८५ सालचे आहे. सायकल मिळवून तिथे एका दुपारी जाऊन ये. वरून एका बाजूला हिरवट लगून, दुसऱ्या बाजूला काळानिळा समुद्र आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी एकाच नजरेत मावते. मी आतापर्यंत जे लिहिले, पाणी, मासळी आणि गावे, त्याला किती थोडी जागा मिळाली आहे हे तिथे उभे राहिल्यावर आपोआप कळते. म्हणून दीपगृहावर पहिल्या दिवशी जाऊ नकोस, निघण्याच्या आदल्या दिवशी जा.

तुझ्या नव्या कार्यक्रमाची वाट पाहतो. तिथल्या शाळेत जाणाऱ्या एखाद्या मुलीकडून तुझे नाव थाना लिपीत लिहून घे, आणि त्याच कागदाच्या मागच्या बाजूला मला पत्र लिहून तिथल्या टपालात टाक. ते तुझ्यानंतर पोहोचले तरी चालेल.

तुझा,
सर