सिद्दी जोहर: ना सिद्धी, ना जौहर

‘सिद्दी जोहर’ या नावातील ‘सिद्दी’ हे आडनाव होते का, ‘जोहर’ या शब्दाचा राजपुतांच्या जौहराशी संबंध आहे का, आणि आज सिद्दी आडनाव लावणारी माणसे त्याचीच वंशज समजावीत का, असे तीन प्रश्न एका वाचकाने विचारले आहेत.

उत्तराआधी एक विनंती. ‘सिद्धी जौहर’ असे लिहिणे कृपया थांबवावे. पन्हाळ्याच्या वेढ्याचे दिवस आले की फलकांवर, भाषणांत आणि चांगल्या शिकलेल्या माणसांच्या लेखांतही हे रूप हमखास भेटते. सिद्धी साधनेने मिळते. विजापूरच्या या सरदाराला ती लाभली असती, तर १६६० च्या जुलैतल्या त्या पावसाळी रात्री शिवाजी महाराज त्याच्या वेढ्यातून निसटले नसते. सिद्दी हा शब्द अरबी ‘सय्यिदी’ म्हणजे ‘माझे धनी’ या संबोधनाचे झिजलेले रूप आहे आणि उत्तर आफ्रिकेत ‘सीदी’ हे आदरार्थी संबोधन आजही वापरात आहे. आफ्रिकेतून ज्यांना गुलाम म्हणून विकत आणले, त्यांच्यापैकी काही जण सरदार आणि किल्लेदार झाले आणि हाताखालच्या लोकांचे धनी ठरले, म्हणून हे संबोधन त्यांना चिकटले. काही विद्वान मात्र हा शब्द ‘सैद’ म्हणजे शिकार या अरबी शब्दापासून काढतात आणि ‘पकडून आणलेला’ असा अर्थ लावतात. हे मत कणवेपोटी सुचलेले दिसते, लिपी पाहून नव्हे. फारसी लेखक सिद्दी हा शब्द ‘सीन’ या अक्षराने लिहितात आणि शिकारवाचक शब्द ‘स्वाद’ने सुरू होतो, एवढा फरक ज्यांना दिसत नाही, त्यांच्याशी वाद घालण्यात हशील नाही.

आता जोहर. राजपुतांचा जौहर ‘जतुगृह’ म्हणजे लाखेचे घर या शब्दापासून आला असे सामान्यतः मानतात, आणि नमस्कारवाचक ‘जोहार’ तिसराच आहे. सिद्दीचा जोहर म्हणजे अरबी ‘जौहर’, अर्थात रत्न. त्याचे अनेकवचन ‘जवाहिर’, ते पारखणारा ‘जव्हेरी’. म्हणजे मुंबईचा झवेरी बाजार, पंडित नेहरूंचे नाव आणि पन्हाळ्याला वेढा घालणारा सरदार हे एकाच शब्दाचे धनी आहेत. पण एवढ्यावर थांबणे मला जमणार नाही, कारण खरी गंमत याच्या मागे आहे.

अरबांनी हा शब्द इराणकडून घेतला. फारसीत तो ‘गौहर’ आणि त्याआधीच्या मध्य-फारसीत ‘गोह्र’. या गोह्रचे अर्थ तीन: रत्न, मूलद्रव्य आणि कुळ. फारसीत ‘पाकगौहर’ म्हणजे शुद्ध कुळातला आणि ‘बदगौहर’ म्हणजे हलक्या कुळातला. संस्कृतात जेथे ‘त्र’ असतो, तेथे मध्य-फारसीत अनेकदा ‘ह्र’ दिसतो: मित्र आणि मेहर, क्षत्र आणि शहर. याच चालीने गोह्रच्या समोर कोणता संस्कृत शब्द उभा राहतो? गोत्र! इराणी भाषांच्या अभ्यासकांनी हा संबंध सुचवलेला आहे आणि मला तो पूर्णपणे पटतो. जुने अरबी कोशकार जौहर हा शब्द ‘ज-ह-र’ म्हणजे उघड असणे, दिसून येणे या स्वतःच्याच धातूपासून काढू पाहतात. परका शब्द घरचा ठरवण्याची ही खोड आपल्याकडील कोशकारांनाही आहे, त्यामुळे त्यांना फार बोलता येत नाही. गोत्र म्हणजे मुळात गाईंचा गोठा, त्याचा रत्नाशी काय संबंध, असाही आक्षेप येतो. गोठ्यावरून कुळ हा प्रवास संस्कृतानेच केला आहे. कुळावरून अस्सलपणा आणि अस्सलपणावरून रत्न हा पुढचा टप्पा इराणने गाठला, एवढेच. ज्या माणसाचे आईबाप, गाव आणि मूळ नाव बाजारात पुसले गेले, त्याला नव्या मालकाने जे नाव दिले त्याच्या पोटात ‘गोत्र’ दडलेले असावे, हा योगायोग मला वर्षानुवर्षे सोडत नाही.

नाव मालकाने दिले असे मी म्हणतो, त्याला आधार आहे. रत्ने आणि सुगंधी द्रव्ये यांची नावे गुलामांना द्यावीत, ही इस्लामी जगातली जुनी रीत होती. दहाव्या शतकात इजिप्तवर सत्ता चालवणारा काळ्या वर्णाचा काफूर हा मूळचा गुलाम, म्हणजे नावाने पांढराशुभ्र कापूर! तो ९६८ मध्ये मेला आणि पुढच्याच वर्षी इजिप्त जिंकून कैरो वसवणारा सेनापती होता जौहर, तोही गुलामीतून वर आलेला, मात्र सिसिली बेटावरचा. देवगिरीवर चालून आलेला मलिक काफूर तर ‘हजारदिनारी’ म्हणूनही ओळखला जाई. खरेदीची किंमतच बिरुद झाली. मलिक अंबरच्या नावातही आकाश शोधू नये. इथिओपियात जन्मलेल्या या मुलाचे मूळ नाव चापू असे सांगतात. बगदादच्या मालकाने त्याला ‘अन्बर’ केले. हे सुगंधी द्रव्य स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होते आणि कोकणात त्याची तस्करी पकडली गेली की आपली वर्तमानपत्रे त्याला ‘व्हेल माशाची उलटी’ म्हणतात.

अशा नावांचे आयुष्य बहुधा एकाच पिढीचे असे. अंबरचा मुलगा फतेहखान. त्याला नाव ठेवायला बाप होता. जंजिऱ्याच्या सिद्दी कासमला औरंगजेबाने ‘याकूतखान’ हा किताब दिला, तेव्हा मात्र उलटे घडले. याकूत म्हणजे माणिक, अंबर-काफूरच्या पंक्तीतलेच नाव. पण १७९१ मध्ये सुरतेजवळ जंजिऱ्याच्याच सिद्दी घराण्याचे सचिन संस्थान स्थापन झाले आणि तेथील नवाबांनी ‘याकूतखान’ पिढ्यान्‌पिढ्या मिरवले.

गुलामीतून सुटलेल्यांना नव्याने नाव देण्याचा एक प्रकार आपल्या नाशकातही झाला. गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले एकोणिसाव्या शतकात शरणपूरच्या मिशन शाळेत ठेवली जात आणि त्यांना ख्रिस्ती नावे मिळत. १८७३ मध्ये आफ्रिकेचा शोध घेणारा मिशनरी लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा झाडावर त्याचा मृत्युलेख कोरणारा जेकब वेनराइट हा त्याच शाळेचा, जन्माने याओ जमातीचा. यांतले बरेच जण पुढे मोम्बासाजवळच्या फ्रियर टाउनला गेले. मुंबईच्या माजी गव्हर्नरांचे नाव त्या वस्तीला आणि इंग्रजी नावे तिथल्या माणसांना.

राहिला आडनावाचा प्रश्न. १६६० मध्ये सिद्दी हे आडनाव नव्हते. ते नावाआधी लावायचे उपपद होते आणि जंजिरा व सचिनच्या नवाबांनी ते शेवटपर्यंत नावाआधीच ठेवले. उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर, हल्याळ, अंकोला या भागांत मात्र तेच नावाच्या मागे जाऊन आडनाव झाले. त्या लोकांना जोहरचे वंशज म्हणणे निराधार आहे. त्यांचे पूर्वज वेगवेगळ्या वाटांनी आले आणि त्यांत गोव्यात पोर्तुगीजांकडे गुलाम असलेले आणि तेथून घाटावर पळालेले अनेक होते. २००३ मध्ये अनुसूचित जमातींच्या यादीत त्यांचा समावेश झाला आणि २०२० मध्ये शांताराम सिद्दी कर्नाटकाच्या विधान परिषदेवर गेले. त्यांच्यात हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. पहिले नाव त्या-त्या धर्माप्रमाणे पडते आणि मागे बहुतेकांच्या सिद्दीच असते.