बीटाला शिसं कशाला?

किरणोत्सारी द्रव्यं हाताळणाऱ्या विद्यार्थ्यांकडून दर सत्रात तेच गोंधळ येतात. म्हणून पुन्हा एकदा.

ट्रिटियमसाठी शिशाचा एप्रन घालू का? (कलिना)
नको. ट्रिटियम म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन. त्यातून बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन, म्हणजेच बीटा किरण, हवेतच जेमतेम 6 मिलिमीटर जातात.

कार्बन-14 चे इलेक्ट्रॉन कशात किती जातात? (विलेपार्ले)
हवेत सुमारे 25 सेंटिमीटर, पाण्यात 0.3 मिलिमीटर, अ‍ॅल्युमिनियममध्ये 0.1. वाटेत दर चौरस सेंटिमीटरला किती वजनाचा पदार्थ आडवा येतो, यावर सगळं ठरतं. हे आकडे कमाल पल्ल्याचे. बहुतेक इलेक्ट्रॉन अलीकडेच थांबतात. कातडीचा मृत थर मात्र 0.07 मिलिमीटरच असतो, तेव्हा हातमोजे घालायचेच.

फॉस्फरस-32 साठी विक्रेता शिशाचा डबा घ्या म्हणतो. सीनियरही म्हणतात, शिसं सगळंच अडवतं. (परळ)
सीनियरांचं ऐकून किती जणांनी हा डबा घेतला असेल, देव जाणे. फॉस्फरस-32 च्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा 1.71 मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत. एक मिलिमीटर शिसं त्यांना अडवतं, हे खरं. पण शिशाच्या जड अणुकेंद्राजवळ इलेक्ट्रॉनला करकचून ब्रेक लागतो आणि त्या ऊर्जेतली थोडी क्ष-किरण होऊन बाहेर पडते. हलक्या अणूंच्या पर्स्पेक्समध्ये, म्हणजे पारदर्शक अ‍ॅक्रिलिक प्लॅस्टिकमध्ये, हे प्रमाण कितीतरी कमी. शिशाचा पत्रा लावून मीटर धरून बघा, टिकटिक सुरूच असते. म्हणून आधी 1 सेंटिमीटर पर्स्पेक्स, आणि साठा मोठा असेल तर त्याच्या बाहेरून शिसं. क्रम उलटा करू नका. विक्रेत्याला शिसं खपवायचंय, त्याला बोटं तुमची आहेत याच्याशी काय देणंघेणं! डबा घेण्याआधी संस्थेच्या विकिरण सुरक्षा अधिकाऱ्याला, म्हणजे आरएसओला, साठ्याचा आकडा दाखवा आणि मगच ऑर्डर द्या.

ट्रिटियम सांडलं, पण जीएम (गायगर-म्युलर) काउंटर, म्हणजे टिकटिक करणारा किरणोत्सार-मीटर, गप्प आहे. म्हणजे टेबल स्वच्छ? (पवई)
अजिबात नाही. ते इलेक्ट्रॉन काउंटरच्या खिडकीतूनच आत शिरत नाहीत, मग वाजणार काय? ओल्या फिल्टर पेपरनं टेबल पुसून तो कागद लिक्विड सिंटिलेशन काउंटरमध्ये, म्हणजे खास द्रवात किरणांमुळे उमटणाऱ्या प्रकाशाच्या चमका मोजणाऱ्या यंत्रात, मोजावा लागतो. ट्रिटियमयुक्त पाणी कातडीतून शोषलं जातं, त्यामुळे हातमोजे लगेच बदला.

शुक्रवारी संध्याकाळी सांडलं. सोमवारी कळवलं तर चालेल? (माटुंगा)
नाही. आरएसओला आत्ता फोन करा. हातावर उडालं असेल तर आधी साबण लावून धुवा, घासू नका, आणि लघवीची तपासणी लागेल का, हे आरएसओला विचारा.