घरचीच पाहुणी

"मॅडम, 13 वर्षं ज्या गौरींसाठी तिकडे बसून रडले, त्या गौरींना जायचं म्हटलं की आता पोटात गोळा येतो. माझंच काही बिघडलंय का?"

2024 च्या संक्रांतीनंतरचा आठवडा होता. तिने आधी पर्समधली तिळगुळाची पुडी माझ्या हातावर ठेवली आणि मग हे विचारलं. मी समुपदेशक आहे, आणि परदेशातून कायमचं परत आलेल्या माणसांकडून हा प्रश्न बऱ्याचदा ऐकते. कुणी म्हणतं नातेवाइकांची गर्दी सोसत नाही, कुणी म्हणतं मुलं बुजतात, कुणाचा सगळा राग एखाद्या आत्याबाईंवर निघतो. खाली बहुतेकदा एकच दुखणं असतं. ज्या माणसांसाठी परत आलो, त्यांच्याच घरात आपण उपरे का वाटतो?

तिच्या परवानगीने लिहितेय. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत आणि नाव देत नाही. तिला धाकटी म्हणते, कारण सांगलीच्या गावभागातल्या त्या घरात तिची ओळख तीच. मोठ्या जाऊबाई म्हणजे थोरल्या. धाकटी त्यांना वहिनी म्हणते.

धाकटी आणि तिचा नवरा 2010 मध्ये न्यू जर्सीला गेले आणि जून 2023 मध्ये दोन मुलांना घेऊन पुण्यात परतले. मधल्या काळात तीन-चार वेळा येणं झालं, पण गौरींना एकदाही नाही. तिकडे शाळा सप्टेंबरच्या सुरुवातीला उघडतात, त्यामुळे भाद्रपदात सुट्टी मिळायची नाही. गणपतीला व्हिडिओ कॉल मात्र चुकला नाही. सांगलीतली संध्याकाळची साडेसातची आरती म्हणजे त्यांचे सकाळचे दहा. फोन टेबलावर उभा करून चौघंही टाळ्या वाजवायचे. मंडळाचा गणपती शनिवार-रविवार बघून एका शाळेच्या हॉलमध्ये व्हायचा, तिथे ही ढोलपथकात होती.

परत आल्यावर पहिल्याच गौरी, 22 सप्टेंबर 2023 चं पूजन. धाकटीने आठ दिवस आधी एका ओळखीच्या बाईंकडे साठ पुरणपोळ्या सांगितल्या. हेतू चांगला होता. वहिनींच्या गुडघ्यांचं दुखणं तिला माहीत होतं. डबे घेऊन ती स्वयंपाकघरात शिरली. वहिनींनी डब्यांकडे पाहिलं, म्हणाल्या, "ठेवा तिकडे माडीवर. तुम्ही बसा, दमला असाल." नैवेद्याचं पुरण त्यांनी पहाटे चारलाच शिजवून वाटून ठेवलं होतं. विकतच्या पोळ्या रात्री मांडववाल्या मुलांना वाढल्या गेल्या.

"पोळ्यांचं मला काही वाटलं नाही," धाकटी म्हणाली. "पण 'तुम्ही बसा'? मी लग्न होऊन आले तेव्हा याच वहिनी 'अगं, ते पातेलं उतर' म्हणायच्या."

संध्याकाळी हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना तिची ओळख करून दिली गेली ती 'या आमच्या अमेरिकेच्या' अशी. तिच्या अकरा वर्षांच्या लेकीला एका दिवसात तिसाच्या वर माणसांना वाकून नमस्कार करावा लागला, आणि त्यातल्या निम्म्यांनी विचारलं, "भारत आवडला का?" "अजून माहीत नाही," असं तिने खरं खरं सांगितलं. सगळे हसले. नंतर ती रात्रभर गाडीत झोपायचा हट्ट धरून बसली.

पुढे दसरा झाला, दिवाळी झाली, एक साखरपुडा झाला. प्रत्येक वेळी निघायच्या आदल्या रात्री नवराबायकोचं भांडण. नवऱ्याचं पालुपद एकच: "आपण सगळं सोडून यांच्यासाठी परत आलो, आणि यांना त्याचं काहीच नाही." दिवाळीत तो हे थोरल्यांसमोर बोलून गेला. त्या दिव्यांच्या वाती करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आम्ही कुठे गेलोच नव्हतो, भाऊजी."

हे वाक्य धाकटीने मला टोमणा म्हणून सांगितलं. मीही तेव्हा ते टोमणा म्हणूनच ऐकलं. माझी चूक इथून सुरू झाली.

दुसऱ्या भेटीत मी तिला आमच्या धंद्यातला तयार सल्ला दिला. स्वतःला जपा, मर्यादा आखा, दोन दिवसांऐवजी एक दिवस जा, रात्री मुक्काम हॉटेलात करा म्हणजे मुलांनाही मोकळं वाटेल. फेब्रुवारीत सासऱ्यांचं, म्हणजे अण्णांचं, सहस्रचंद्रदर्शन होतं. हे चौघं रात्री साडेनऊला जेवून हॉटेलवर गेले. सकाळी परत आले तेव्हा अण्णा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "खोलीचं भाडं किती पडलं रे?" दिव्यांनी ओवाळून घेताना हजार पौर्णिमा पाहिलेला तो माणूस धाकट्या मुलाकडे बघतच नव्हता.

मर्यादा आखणं वाईट नाही. दारू पिऊन धिंगाणा घालणारा काका असेल, सुनेला चारचौघांत घालूनपाडून बोलणं चालत असेल, तर मी आजही सांगते की जाऊ नका, आणि तसं आणखी एका घराला सांगितलंही आहे. पण इथे घरापासून लांब वाटण्याचंच दुखणं होतं आणि मी औषध म्हणून आणखी लांबी लिहून दिली होती. तिसऱ्या भेटीत मी तिची माफी मागितली.

मग तिला एक कागद दिला. म्हटलं, गौरींच्या आधीच्या आठ दिवसांपासून विसर्जनापर्यंत घरात कोण काय करतं ते लिहा. ती सराईतपणे लिहायला लागली: अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन, सोळा भाज्या, पुरण, आरती. मी म्हटलं, हे पंचांग झालं. पितळी मुखवटे माळ्यावरून कोण काढतं? चिंचेने कोण घासतं? सोळा भाज्या निवडायला किती वाजता बसतात? त्या तीन दिवसांत भांडीवाल्या मावशी येतात का? पेन थांबलं. तिला जे माहीत होतं ते आरतीपासून पुढचं, म्हणजे फोनच्या चौकटीत दिसायचं तेवढं. त्याच्या मागचं सगळं 2010 सालचं होतं, आणि त्यातही स्वयंपाकघराच्या मध्यभागी सासूबाई उभ्या होत्या.

सासूबाई 2021 च्या एप्रिलमध्ये गेल्या, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत. नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं तेव्हा बंद होती, ती मार्च 2022 च्या अखेरीस सुरू झाली. मर्यादित विमानं होती, पण व्हिसाच्या कागदपत्रांचा असा घोळ होता की एकदा अमेरिकेबाहेर पडलो तर परत शिरता येईल याची खात्री नव्हती. त्यांनी सगळं फोनवर पाहिलं. सांगलीच्या घराने त्यानंतर सासूबाईंशिवाय दोन गौरी काढल्या होत्या. धाकटीची 2023 ची पहिलीच. जेवणाच्या पंगतीत सगळे हसत-बोलत असताना तिला भरून येत होतं आणि तिला वाटत होतं, यांना आईंची आठवणही येत नाही. त्यांचं रडून झालं होतं, हिचं व्हायचं होतं. हे बोलताना ती माझ्या खोलीत पहिल्यांदा मोठ्याने रडली. मग अर्धा तास आम्ही काहीच 'केलं' नाही.

परतीच्या या धक्क्याचं शास्त्रात वर्णन आहे. गुलाहॉर्न या अमेरिकी संशोधक दांपत्याने 1963 मध्ये ते इंग्रजी डब्ल्यू या अक्षरासारखं रेखाटलं. परदेशी गेल्यावर आधी आनंद, मग घसरण, मग रुळणं; आणि मायदेशी परतल्यावर तोच चढउतार पुन्हा एकदा. दुसरी घसरण जास्त बोचते, कारण तिची कुणी तयारी केलेली नसते. जाताना आपण थंडीचे कपडे घेतो, माहितगारांना चार प्रश्न विचारतो. येताना वाटतं, घरीच तर चाललोय. 'तुमचं काही बिघडलंय का' याचं उत्तर त्यामुळे मी 'नाही' असंच देते. पण नुसत्या नावाने पोटातला गोळा जात नाही.

पुढचं काम साधं दिसतं, पण धाकटीला ते करायला तीन आठवडे लागले. वहिनींना फोन करायचा आणि विचारायचं: गौरींच्या आधी तुम्ही काय काय करता? मदतीची भाषा नाही, पैशांची नाही, 'आमच्याकडे तिकडे' तर अजिबात नाही. फक्त विचारायचं आणि ऐकायचं.

फोन सव्वा तास चालला. थोरल्या आधी फटकून बोलल्या, "कशाला, लिहायचंय का कुठे?" मग हळूहळू 2019 वर आल्या. त्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ 57 फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी 45 ची. गावभागातल्या त्यांच्या तळमजल्यात पाणी शिरलं. सासूबाई आणि अण्णांना नातेवाइकांकडे हलवल्यावर थोरल्या मागे राहिल्या, त्या मुखवट्यांची पत्र्याची ट्रंक शेजारच्यांच्या गच्चीवर चढवायला. पाणी ओसरलं तेव्हा स्वयंपाकघरात घोटाभर चिखल होता. तीन-साडेतीन आठवड्यांवर गौरी आल्या होत्या. गौरींची जरीची लुगडी त्यांनी सात पाण्यांतून काढली, तरी एकीच्या काठाला डाग राहिला तो राहिलाच. त्या वर्षी गौरी माडीवर बसल्या.

"तुमचे पैसे आले होते हो लगेच," थोरल्या म्हणाल्या. "त्यातनंच फ्रीज घेतला. पण चिखल काढायला माणूस मिळत नव्हता."

धाकटीने त्या वर्षीचा व्हिडिओ कॉल आठवून पाहिला. तिला आठवलं ते एवढंच: 'यंदा माडीवर मांडल्यात, किती छान उजेड आलाय!' असं ती म्हणाली होती.

म्हणजे 'आम्ही कुठे गेलोच नव्हतो' हा टोमणा नव्हता, निदान नुसता टोमणा नव्हता. 13 वर्षांच्या कष्टांचा हिशेब कुणी मागितलाच नव्हता, तो असा अर्ध्या वाक्यात बाहेर पडत होता. परतलेल्या माणसाला वाटतं की आपलं येणं हीच मोठी भेट आहे. राहिलेल्याला वाटतं की आपलं राहणं कुणाच्या लेखी नाही. दोघंही खरे, त्यामुळे समेट घडवायला बसलेल्या माणसाची पंचाईत होते. साठ पोळ्यांमध्ये धाकटीला माया दिसत होती. थोरल्यांना दिसलं की आपलं पहाटे चारचं उठणं पैसे टाकून मिळतं.

म्हणून मी परतलेल्यांना सांगते, पहिली दोन वर्षं भेटवस्तू कमी आणा आणि एक काम मागून घ्या. एकच, पण दरवर्षी तुमच्याच नावावर राहील असं, आणि शक्यतो घरच्यांना कंटाळवाणं वाटणारं. धाकटीच्या वाट्याला फुलोऱ्याचे अनारसे आले. थोरल्यांनीच सुचवलं, पुण्याहून करून आणलेस तरी चालतील. यात त्यांचा थोडा खट्याळपणा होता असं माझं मत आहे. अनारसे म्हणजे तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी उपसून सावलीत कोरडे करायचे, दमट असतानाच कुटून चाळायचे, गूळ घालून गोळे मुरत ठेवायचे. इतकं करूनही तुपात सोडल्यावर तो फुलेल की फसकन विरघळेल ते त्याच्या मर्जीवर.

लेकीसाठी वेगळं काहीतरी लागणार होतं. तिच्या बाबांनी तिला वहीच्या दोन पानांवर घराण्याचा पसारा काढून दिला: चुलत कोण, आते कोण, मामे कोण. इंग्रजीत सगळे कझिन, त्यामुळे तिला ही भानगडच नवी. नमस्काराचं तिने स्वतः ठरवलं. आजोबा आणि आत्याआजी यांना वाकून, बाकीच्यांना हात जोडून. एक-दोघांनी नाकं मुरडली. मुरडू देत.

नवरा माझ्याकडे एकदाच आला आणि पूर्ण वेळ घड्याळाकडे बघत बसला. भावाशी त्याचं बोलणं अजूनही अण्णांच्या गोळ्या आणि घरपट्टी यापुढे जात नाही. एक मात्र दोघांनी पाळलं. निघायच्या आदल्या रात्री सणाबद्दल बोलायचं नाही, आणि परत कधी निघणार ते पोचल्यापोचल्याच घरात सांगून टाकायचं, म्हणजे विसर्जनाच्या दिवशी 'एवढ्यात निघालात?' हा प्रसंग येत नाही. मुक्काम माडीवर, हॉटेल बंद.

11 सप्टेंबर 2024 चं पूजन. त्याच्या चार दिवस आधी रात्री अकराला धाकटीने वहिनींना फोन लावला, रडवेली होऊन. पहिले सहा अनारसे तुपात हसले होते. अनारसा फुटून पसरला की हसला म्हणतात, हे तिला माहीतच नव्हतं. पलीकडून थोरल्या खरोखरीच खदखदून हसल्या. "अगं, गूळ जास्त झालाय. थोडी पिठी लाव आणि आच कमी कर. नुसती बघत काय बसतेस, झारा घे हातात."

चाळीसपैकी तेवीस धड निघाले. हसलेल्यांचा चुरा मुलांनी दुधात घालून खाल्ला. तेवीसांतले पाच निवडून थोरल्यांनी गौरींपुढे मांडले आणि हळदीकुंकवाला आलेल्या एका बाईंना म्हणाल्या, "धाकटीने केलेत. खसखस जरा जास्तच झालीय."

2025 च्या ऑगस्टमध्ये, तिसऱ्या आठवड्यात, तिची माझ्याकडे गुरुवारची वेळ होती. सकाळी तिचा निरोप आला: 'मॅडम, आज येणं जमणार नाही. तांदूळ उपसायचेत.'