स्वनातीत नव्हे, श्राव्यातीत. आणि पडसाद!

कोथरूडच्या एका ताईंनी विचारलं आहे: आईला पोटाच्या सोनोग्राफीला नेलं, तिथल्या सूचनापत्रकावर 'स्वनातीत लहरींद्वारे तपासणी' असं छापलं होतं. हे बरोबर आहे का? आणि सोनोग्राफीला मराठी प्रतिशब्द कोणता?

ताई, 'स्वनातीत' इथे चुकलाच आहे. तो वेगाचा शब्द. आपल्या लोहगावच्या तळावरची सुखोई विमानं स्वनातीत, कारण ती आवाजालाही मागे टाकू शकतात. सोनोग्राफीतल्या लहरी आवाजाला मागे कशा टाकतील? त्या स्वतःच आवाज आहेत, फक्त आपल्याला ऐकू न येणारा. माणसाचा कान सेकंदाला साधारण २० ते २०,००० कंपनं टिपतो. पोटाच्या तपासणीत ती वीस ते पन्नास लाख असतात. श्रवणाच्या पलीकडचा, म्हणून 'श्राव्यातीत' ध्वनी.

'सोनोग्राफी' मात्र मी बदलणार नाही. पेठेतल्या आजींपासून रिक्षावाल्या काकांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तो रुळला आहे. शिवाय त्यातला 'सोनो' लॅटिन 'सोनुस'वरून आला, आणि 'सोनुस' व संस्कृत 'स्वन' एकाच मूळ धातूचे. म्हणजे दूरचा का होईना, नातेवाईकच.

पण या तपासणीचा खरा शब्द मला वाटतो 'पडसाद'. ताम्हिणीत दरीकाठी हाक मारा; समोरचा कडा १७० मीटरवर असेल, तर हाक सेकंदाभरात परत येते. प्रोब, म्हणजे पोटावर फिरवतात ते उपकरण, हेच करतो: बारीकशी हाक देतो आणि गप्प राहून ऐकतो. शरीराच्या मऊ भागांत ध्वनी सेकंदाला सुमारे १५४० मीटर धावतो, त्यामुळे दहा सेंटिमीटर खोलवरून पडसाद यायला एका मिलिसेकंदाचा जेमतेम आठवा हिस्सा लागतो. किती वेळाने आला यावरून खोली, किती जोरात आला यावरून ठिपक्याचा उजळपणा. चित्र उभं राहतं ते असं. त्वचा आणि प्रोब यांच्यामध्ये हवेचा पातळ थर जरी राहिला, तरी जवळजवळ सगळा ध्वनी तिथूनच माघारी फिरतो. तो गार, बुळबुळीत जेल त्यासाठीच. पत्रकात 'पाणी पिऊन, लघवी रोखून यावे' असंही असेल. भरलेल्या मूत्राशयातून ध्वनी विनासायास पार होतो, आणि वायूने भरलेली आतडी बाजूला सरतात.

आता गंमत पाहा. संस्कृत 'प्रतिशब्द', म्हणजे प्रतिध्वनी, प्राकृतात 'पडिसद्द' झाला आणि मराठीत 'पडसाद'. तुम्ही मागितलात प्रतिशब्द, आणि हाती आला तो त्याचाच वंशज! हल्ली पडसाद फक्त विधानसभेत नाहीतर बाजारात 'उमटतात', याचं मला वाईट वाटतं.

त्या केंद्राला कळवायचंच असेल, तर एवढं सुचवा: 'सोनोग्राफी: श्राव्यातीत ध्वनीचे पडसाद टिपून केलेली तपासणी.'